ओहोटीची गाणी

प्यो युनसुलला ग्वांगजूच्या कचेरीत सगळे चेष्टेने 'अंगाईवाली' म्हणत. तिचं कामच तसं होतं. मोबाइलचे टॉवर कोणी वापरो न वापरो, दिवसरात्र वीज खात उभे असतात. युनसुलने असा प्रोग्राम लिहिला होता की ज्या टॉवरवर बराच वेळ कोणी फारसं बोलत नाही, काही पाहत नाही, तो आपोआप झोपी जावा आणि वापर वाढला की आपोआप जागा व्हावा. तेवढ्या वेळापुरता शेजारचा एखादा मोठा टॉवर त्याची गिऱ्हाइकं सांभाळून घेई. हिवाळ्यात नैऋत्य किनाऱ्यावरच्या बेटांवर हा प्रयोग सुरू झाला आणि विजेचं बिल असं काही उतरलं की विभागप्रमुख बांग साहेबांनी सगळ्या टीमला भाजलेल्या मांसाची मेजवानी दिली. बांग साहेब म्हणजे ज्यांनी 'बरं झालं' म्हटलं तरी लोक घरी जाऊन सांगत, असा माणूस.

एकच बेट आडवं आलं. गाल्मेदो.

गाल्मेदोवर माणसं मूठभर आणि त्यातली बहुतेक सत्तरीला टेकलेली. तिथला टॉवर दिवसाचा मोठा भाग निवांत झोपायला हवा होता. झोपायचाही. पण रोज केव्हातरी एकाएकी त्याच्यावर असा वापर उसळायचा, जसं काही बेटावर कॉलेजच उघडलंय. काही तास नुसते व्हिडिओवर व्हिडिओ, आणि मग एका झटक्यात सारं चिडीचूप. बरं, वेळही धड ठरलेली नाही. आज सकाळी, तर पुढच्या आठवड्यात भर दुपारी. रोज थोडीथोडी पुढे सरकणारी.

"कोणीतरी म्हाताऱ्यांच्या नावावर उद्योग मांडलाय," बांग साहेब आलेख बघत म्हणाले. "जाऊन बघून ये. पुढच्या महिन्यात सोलला वरच्या लोकांपुढे आकडे मांडायचेत. त्या वेळी हा फोड माझ्या तोंडावर नको."

"फोड कसला साहेब, एवढासा तीळ आहे."

"तीळ का फोड, तेच बघून ये."

युनसुल डोंगरातल्या चुंगजूची. समुद्र तिने सुट्टीतच काय तो पाहिलेला. मोकपोहून निघालेल्या बोटीत तिचं पोट असं ढवळलं की गाल्मेदो दिसलं तेव्हा ते बेट आहे की स्वर्ग, याच्याशी तिला काही देणंघेणं उरलं नव्हतं. बोट गावाच्या धक्क्याला न लागता वळसा घालून मागच्या बाजूला एका लांबलचक धक्क्याला लागली. गावासमोर समुद्र नव्हताच. नजर पोचेल तिथवर नुसता चकचकीत राखाडी चिखल पसरलेला, आणि त्यात नागमोडी ओहळ.

तिला घ्यायला सरपंच मो चुनबे आपला छोटा ट्रक घेऊन आला होता. वाळलेल्या माशासारखा चिवट माणूस, डोक्यावर शेतकरी संघाची टोपी.

"पाणी कुठे गेलं?" युनसुलने विचारलं.

"गेलंय बाहेर. येईल परत," सरपंच म्हणाला, जसं काही शेजारीच कोणाकडे बसायला गेलंय. "तुम्ही जेवलात का?"

तिने येण्याचं कारण सांगितल्यावर सरपंचाचा चेहरा एकदम कोरा झाला.

"व्हिडिओ? आमच्याकडे? कोण बघणार बाई! सगळ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तुमच्या यंत्रातच काहीतरी बिघाड असणार. टॉवर दाखवतो, भात खा आणि दुपारच्या बोटीने सुखाने परत जा."

त्याने तिला टेकडीवरच्या टॉवरपाशी नेलं. टॉवर ठणठणीत होता. मग स्वतःच्या घरी नेऊन भात, मुळ्याचं किमची आणि तिसऱ्यांचा रस्सा वाढला. जेवण चालू असतानाच त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि अंगावर जॅकेट चढवलं. "मला जरा समुद्राच्या बांधावर काम आहे. तुम्ही इथेच बसा हं. बाहेर ऊन फार आहे."

ऊन कसलं, मे महिन्याची कोवळी हवा होती. सरपंच गेला आणि थोड्याच वेळात युनसुलने बरोबर आणलेल्या, टॉवरचा वापर दाखवणाऱ्या मापकयंत्रावरची रेघ उसळली. टॉवर जागा झाला होता. ती उठली आणि रेघ जास्त वर चढेल त्या दिशेने, लसणाच्या वाफ्यांमधून, चालत सुटली.

रेघ तिला गावाच्या सभाघराशी घेऊन आली. दारात रबरी चपलांची रांग. आतून एकाच वेळी सात-आठ गाणी ऐकू येत होती. जुनी ठेक्याची गाणी, रडवी विरहगीतं आणि मध्येच कोणीतरी कोबी कसा खारवावा ते सांगतंय. तिने दार सरकवलं.

आत गरम जमिनीवर म्हाताऱ्या गोल करून लसूण सोलत बसल्या होत्या. मधोमध ताटं मांडावीत तसे त्यांचे फोन मांडलेले, प्रत्येकावर वेगळा व्हिडिओ, आणि एकीचंही लक्ष त्यांत नव्हतं. एक आजी तर तशा गोंगाटात तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

"कोण गं तू?" सगळ्यांत म्हातारी होती ती म्हणाली. तिचं नाव माल्ये. सभाघराची किल्ली तिच्याकडे असे आणि म्हणून अर्ध्या गावाची सत्ताही.

"मी कंपनीतून आलेय, आजी. टॉवरच्या."

लसूण सोलणारे सगळे हात एकदम थांबले.

"बस की मग," माल्ये आजी सावरून म्हणाली. "लग्न झालंय का? नाही? वाटलंच. कॉफी घे. आम्हाला काय, गाणी फार आवडतात."

"सगळी एकदम?"

"वय झालंय पोरी. एकेक करून ऐकत बसलो तर संपायची कधी?"

दोघीतिघी तोंडावर हात ठेवून हसल्या. युनसुललाही हसू येत होतं, पण तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे वायफायचा डबा होता, आणि त्याची तार भिंतीतून उपसून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती.

"इथे वायफाय आहे की! त्यावर गाणी जास्त चांगली चालतील. बंद का ठेवलंय?"

"त्याने डोकं धरतं," एक म्हणाली.

"कंबर," दुसरी म्हणाली.

युनसुलच्या लक्षात आलं. वायफाय लावलं असतं तर गाणी केबलमधून आली असती, टॉवरला त्याचा पत्ताही लागला नसता. या बायकांना गाणी नको होती. त्यांना टॉवर हवा होता. पण कशासाठी? ती विचारणार तोच बाहेर धावण्याचा आवाज झाला आणि सरपंचाने खिडकीतून आरोळी ठोकली:

"बंद करा गं! आल्या सगळ्या बांधावर!"

गोलातल्या बायकांनी सटासट फोन उचलले आणि बंद केले. शांतता इतकी एकाएकी झाली की झोपलेली आजी दचकून जागी झाली. युनसुलच्या हातातली रेघ धपकन खाली आली. सरपंचाने डोकं आत घातलं, तिला पाहिलं आणि टोपी काढून तोंडावर धरली.

"आता झाकून काय उपयोग, चुनबे?" माल्ये आजी म्हणाली. "ये आत. दार लाव, गरमी जातेय."

मग सगळं बाहेर आलं. सांगितलं मात्र सरपंचाने किंवा माल्ये आजीने नाही. चिखलाने माखलेले बूट दारात सोडून, हातपाय धुऊन ओकनाम आत आली, तिने सांगितलं. ओकनाम साठीची, या घोळक्यातली पोरगीच म्हणायची. गावातल्या ज्या काही बायका अजून चिखलात उतरून बिळांतून नाकजी काढत, त्यांच्यात ती पुढे. नाकजी म्हणजे बारक्या आठ पायांचं, हाताला वेटोळे घालणारं जनावर. मोकपोच्या बाजारात त्याला सोन्याचा भाव. ओहोटी लागली की या बायका लाकडी घसरफळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत पार दूरवर जात आणि पाणी फिरलं की परतत.

"मार्चमध्ये आम्ही अशाच लांब होतो," ओकनाम म्हणाली. "धुकं आलं. धुकं काय नवीन नाही. असं झालं की बांधावरून चुनबे फोन करतो, कोणत्या बाजूला चाला ते सांगतो. त्या दिवशी फोन काढला तर सेवा नाही. दुसरीचा बघितला, तोही मेलेला. मी नाकासमोर चालत राहिले. चालतेय, चालतेय, आणि पाणी गुडघ्याला लागलं. मी उलटी, समुद्राकडेच निघाले होते."

"आम्ही इथून पितळी घंटा बडवली," माल्ये आजी म्हणाली. "पातेली बडवली. कुत्री भुंकवली. तेव्हा कुठे आल्या. हिला कमरेपर्यंत पाणी. आठवडाभर ताप."

पुढे टॉवरच्या बॅटऱ्या बदलायला एक कामगार आला होता. सरपंचाने त्याला मक्याची दारू पाजली आणि विचारलं, हा टॉवर मधूनच मरतो कसा? तो म्हणाला, मरत नाही काका, झोपतो. वापरा म्हणजे जागा राहील. झालं. त्या दिवसापासून ओहोटीला चिखलात बायका गेल्या की इकडे सभाघरात गाणी सुरू. कंपनीला कळलं तर तेही बंद पाडेल या भीतीने सगळं लपवायचं, आणि आज कंपनीची पाहुणी आली म्हणून गाणी उशिरा लावली होती.

युनसुलच्या हातातली कॉफी निवून गेली. इतके दिवस ती ज्या आलेखाकडे 'बिघाड' म्हणून बघत होती, तो या म्हाताऱ्यांचा पहारा होता.

"आजी," ती म्हणाली, "तो टॉवर मीच झोपवते."

"तू? एवढीशी?" माल्ये आजीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरातलं माणूस बाहेर असताना दाराला कडी लावायची नसते, हे आईने शिकवलं नाही होय तुला?"

"जाऊ दे गं ताई," ओकनाम म्हणाली. "तिला काय ठाऊक आम्ही बाहेर असतो ते. चिखलात आमची घरं थोडीच आहेत."

हे मात्र अगदी खरं होतं. युनसुलच्या प्रोग्रामने माणसं मोजली होती ती घरांवरून आणि रस्त्यांवरून. समुद्राच्या बाजूला कोणी नाही असं त्याने धरलेलं, आणि ओहोटीला तो समुद्र जमीन होतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या मोठ्या बेटावरचा टॉवर कागदावर सगळं सांभाळून घेत होता. गावात तो सांभाळायचाही. पण गावापुढे एक डोंगराचा सोंडा समुद्रात गेला होता, आणि त्याच्या आडोशाला, अगदी नाकजीच्या बिळांवर, त्या टॉवरचं काही पोचत नव्हतं.

दुपारची बोट निघून गेली. युनसुलने बांधावर उभं राहून बांग साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग बांग साहेब घसा खाकरून म्हणाले, "बाईला काही झालं तर नाही ना?"

"नाही. बरी आहे."

"मग सोपं आहे. गाल्मेदोला वगळ. त्यांचा टॉवर कायम जागा ठेव. एका बेटाने आपले आकडे बुडत नाहीत."

युनसुललाही क्षणभर तेच बरं वाटलं. मग तिने समोरच्या समुद्रात विखुरलेल्या इतर बेटांकडे पाहिलं. तिथले आलेख छान सपाट होते. सोलला दाखवायला अगदी देखणे.

"साहेब, बाकीच्या बेटांवर कोणी गाणी लावत नाही," ती म्हणाली. "पण म्हणून तिथल्या बायका चिखलात उतरत नाहीत असं कुठे आहे? त्यांच्याकडे बॅटरीवाला आला नसेल, इतकंच."

"मग काय, सगळीच वगळायची? तुझा अख्खा प्रयोग संपला मग."

"वगळायची नाहीत. मला थोडे दिवस द्या. मी आधी चिखलात जाऊन बघते."

"तुला बोटीत उलट्या होतात!"

"चिखल हलत नाही, साहेब."

चिखल हलत नाही हा युनसुलचा गैरसमज दुसऱ्याच दिवशी दूर झाला. ओकनामने तिला कोणाचा तरी रबरी पोशाख चढवला, घसरफळी हातात दिली आणि बांधावरून खाली उतरवलं. पहिल्याच पावलाला तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत. दुसरा काढायला गेली तर बूट आतच राहिला आणि पाय बाहेर आला. बांधावर रांगेने बसलेल्या म्हाताऱ्यांना असा तमाशा कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

"बुड वर कर, बुड!" माल्ये आजी ओरडत होती. "कचेरीत खुर्चीवर बसून बसून जड झालंय ते!"

"आजी, गाणी लावू नका हं आज!" युनसुलने चिखलातूनच ओरडून सांगितलं. "टॉवर झोपला की काय होतं ते मला बघायचंय."

"आणि धुकं आलं तर?" माल्ये आजीने विचारलं.

"आज आकाश निरभ्र आहे, वहिनी," सरपंच म्हणाला. "शिवाय मी घंटा घेऊनच बसलोय."

हळूहळू तिला जमू लागलं. गुडघा फळीवर, दोन्ही हातांनी काठ घट्ट, आणि मागच्या पायाने रेटा. ओकनाम पुढे अशी सरसर जात होती, जसं काही तिच्यासाठी कोणी तेल ओतून ठेवलंय. युनसुल मध्येमध्ये थांबून मापकयंत्र बघत होती. सोंड्याचा आडोसा सुरू झाला तसा सिग्नल खचत गेला आणि पार पुढे, मोठ्या ओहळापाशी, संपला.

"इथेच," ओकनाम म्हणाली. ती खांद्यापर्यंत हात बिळात घालून पालथी झाली होती. "इथे फोन मरतो. आणि नुसता मरत नाही, बॅटरी पण खातो मेला. घरून भरून आणला तरी परत जाईपर्यंत रिकामा. पोरीने नवा घेऊन दिला, त्याचंही तेच."

युनसुलने तिच्या गळ्यात दुहेरी पिशवीत बांधलेला फोन हातात घेतला. पिशवीतूनही तो गरम लागत होता. तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं. टॉवर झोपला की फोन गप्प बसत नाही. तो दूरच्या टॉवरला सारखा, सगळी ताकद लावून, हाका मारत राहतो. टेकडीवर वाचवलेली वीज इथे या बायकांच्या गळ्यात जळत होती, आणि सभाघरात गाण्यांवर जळत होती ती वेगळीच.

"मावशी, फोन चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "ओरडून ओरडून दमतोय बिचारा."

"माझा नवरा पण असाच होता," ओकनाम म्हणाली आणि हात बाहेर ओढला. मनगटाला वेटोळे घालून एक नाकजी बाहेर आली.

त्या संध्याकाळी युनसुल सभाघरात लॅपटॉप उघडून बसली. अंग मोडून आलं होतं, नखांत चिखल होता. वायफायची तार तिने पुन्हा भिंतीत खोचली तेव्हा कोणाचं डोकं दुखलं नाही, की कंबरही. टॉवरला तीन तोंडं, म्हणजे तीन दिशांना लावलेले अँटेना होते: एक गावाकडे, एक धक्क्याच्या रस्त्याकडे आणि एक समुद्राकडे. आजवर तिन्ही एकदम झोपत आणि एकदम उठत. तिने ती सोडवली. समुद्राकडच्या तोंडाला फक्त एकच रेडिओ-लहर द्यायची, संथ पण लांब पोचणारी. तिच्यावर सिनेमे बघता येणार नाहीत, पण फोन लागेल. ओहोटी लागल्यापासून पाणी पुरतं परत येईपर्यंत ती लहर जागी. वेगवान, जास्त वीज खाणाऱ्या लहरी मात्र गरज नसेल तर तिन्ही बाजूंना खुशाल झोपवायच्या, आधीपेक्षाही गाढ.

राहिला प्रश्न ओहोटी कधी लागते याचा. भिंतीवर भरती-ओहोटीचं कॅलेंडर टांगलेलंच होतं. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस लाल, भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे निळे. तीच माहिती समुद्रखात्याकडे पुढच्या कैक महिन्यांची तयार होती.

"समुद्राचं वेळापत्रक?" बांग साहेब फोनवर हसायलाच लागले. "सोलला मी काय सांगू, आम्ही चंद्राला विचारून टॉवर चालवतो म्हणून?"

"सांगा की. आपलं गिऱ्हाईक उद्या काय करेल ते आपल्याला माहीत नसतं. समुद्र पुढच्या वर्षी काय करणार तेही छापून मिळतं."

"आणि आकडे?"

"गाल्मेदोचं बिल आधीपेक्षा उतरेल. त्या आज्या रोज कितीतरी तास गाणी वाजवत होत्या साहेब, आपल्याला जागं ठेवायला."

बांग साहेबांनी उसासा टाकला. "एक आठवडा. आणि बाईंना सांग, मार्चचं जे झालं त्याबद्दल... बरं, मीच कधीतरी येऊन सांगतो."

आठवड्यातले पहिले दिवस बरे गेले, पण सभाघरातल्या कोणाचा त्यावर विश्वास बसला नाही. ओहोटी लागे, बायका चिखलात उतरत, आणि इकडे माल्ये आजीचे हात शिवशिवत. युनसुलने सगळ्यांचे फोन गोळा करून एका टोपलीत ठेवले होते. तरी एक जण शौचालयात जाऊन गुपचूप गाणं लावताना सापडली.

"सवय झालीय गं," ती ओशाळून म्हणाली. "गाणं नसलं की वाटतं, आपण त्यांना सोडून दिलं."

मग एका सकाळी खरोखरच धुकं आलं.

आधी समोरची बेटं गेली. मग सोंडा गेला. खिडकीतून बघता बघता बांधावर उभा असलेला सरपंचही पुसट झाला. सभाघरात लसूण सोलणं थांबलं. युनसुलच्या यंत्रावर समुद्राकडची रेघ बारीकशी पण सरळ चालू होती. त्या रेघेवर तिचा भरवसाही होता; तरी ती यंत्रावरून नजर हटवेना.

"टोपली दे," माल्ये आजी म्हणाली.

"आजी, गाण्यांची गरज नाही. खरंच."

"गाणं नाही लावत. फोन दे माझा."

युनसुलने दिला. आजीने चष्मा लावला, ओकनामचं नाव शोधलं आणि फोन कानाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. सगळ्या त्याच्याभोवती वाकल्या.

वाजला. परत वाजला. वाजतच राहिला. एकीने डोळे मिटून घेतले.

"काय गं ताई!" फोनमधून ओकनामचा खणखणीत, वैतागलेला आवाज आला. "बरोबर हात बिळात असतानाच फोन करायचा! गेली ना ती! ही एवढी मोठी होती!"

मग माल्ये आजीने फोनकडे तोंड नेऊन अशी काही ओरड केली की फोन नसता तरी ती चिखलात ऐकू गेली असती.

"मेले, धुकं आलंय! नाकजी काय घेऊन बसलीस!"

"दिसतंय मला. आंधळी नाहीये. चुनबेचाही फोन आला होता मघाशीच. मोठा ओहळ उजव्या हाताला ठेवून येतोय आम्ही सगळ्या. भात लाव."

फोन बंद झाला. सभाघरात आधी कोणीतरी खुदकन हसलं आणि मग त्या सगळ्या हसत सुटल्या. हसता हसता एक जण रडायलाही लागली, आणि तिची समजूत घालायला दुसरी. माल्ये आजीने डोळे बाहीला पुसले, युनसुलच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "ऊठ, तांदूळ धू. नुसती बसून काय राहतेस!"

बायका धुक्यातून एकेक करत बांधावर आल्या तेव्हा सरपंच त्यांना हात देत होता. कोणाच्या फोनची बॅटरी संपली नव्हती. ओकनामने आपला फोन युनसुलच्या गालाला लावून दाखवला. गार होता.

बांग साहेब सोलला गेले आणि त्यांनी समुद्राचं वेळापत्रक पडद्यावर दाखवलं. लोक हसले म्हणे. मग गाल्मेदोचं आधीचं आणि नंतरचं बिल शेजारी शेजारी दाखवलं, तेव्हा हसणं थांबलं आणि प्रश्न सुरू झाले. उन्हाळा सरेपर्यंत आसपासच्या बेटांवरच्या टॉवरांनाही ओहोटी शिकवून झाली. युनसुल त्यातल्या प्रत्येक बेटावर स्वतः गेली. बोटीत तिला अजूनही मळमळत असे, पण चिखलात ती आता बुटासकट परत येऊ लागली होती. दोन बेटांवर तर लोकांनी तिला सांगितलं की आमच्याकडे समुद्रात फोन कधीच लागत नव्हता, आम्हाला वाटायचं तो तसाच असतो.

शरद ऋतूत एका दुपारी बांग साहेब तिच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात गाल्मेदोचा ताजा आलेख होता.

"हे काय आहे?" त्यांनी समुद्राकडच्या रेघेवर बोट ठेवलं. "गेले काही दिवस ओहोटीला इथून कोणीतरी बराच वेळ व्हिडिओ कॉल करतंय. तुझी लहर संथ आहे, चित्र अडकत अडकत जात असणार. तरी चालूच. पुन्हा काही झालं का तिकडे?"

युनसुलने गाल्मेदोला फोन लावला. माल्ये आजीने उचलला.

"अगं, ती ओकनाम," आजी म्हणाली. "तिची पोरगी बुसानला असते ना, तिला चार वर्षांची लेक आहे, हिची नात. तिला ही चिखलातून नाकजीची बिळं दाखवते. ती पोर तिकडून ओरडते, 'आजी, त्यात हात घाल, नको, त्यात घाल!' हिने परवा अर्धी टोपलीसुद्धा भरली नाही. का गं? बंद करणार आहेस का?"

युनसुलने बांग साहेबांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चित्र अडकतं का हो आजी?" त्यांनीच वाकून फोनमध्ये विचारलं.

"अडकतं तर! पोरीला वाटतं आजी मध्येच पुतळा होते."

बांग साहेबांनी आलेखाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"अंगाईवाले," ते जाता जाता म्हणाले, "तेवढा वेळ ती दुसरी, वेगवान लहर पण उठव. वीज किती लागेल ते मला सोमवारी सांग."